स्वाभिमानाचे शिल्पकार परमपूज्य बाबासाहेब

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कार्यकारिणीच्या मंडळींनी आमच्याकडे बाबासाहेबांच्या जीवनावर लेख मागितला. आम्ही म्हटले, बाबांनो, या विषयावर मोठमोठ्या विद्वानांनी खंडच्या खंड लिहिलेत. आम्ही पडलो गिरणीतली माणसे. नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. रात्रपाळीच्या सुट्टीत आणि विहाराच्या वाचनालयात जे वाचले तेवढेच आमचे शिक्षण. पण मंडळी ऐकेनात. म्हणून हा प्रपंच.

विषय मात्र आम्हाला आमच्या मुलीने दिला. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. एके दिवशी तिने घरी एक कागद आणला. त्यावर दहा वाक्ये छापलेली. प्रत्येक वाक्य आपल्याला कितपत पटते त्याप्रमाणे खूण करायची, मग गुणांची बेरीज करायची. माणूस स्वतःला किती किमतीचा समजतो ते त्यावरून कळते. मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी १९६५ साली प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरतात, असे तिने सांगितले. म्हणाली, अण्णा, तुम्ही भरा. आम्ही भरला. गुण बरे आले. पण खरे सांगायचे तर दोन ठिकाणी आम्ही खोटी खूण केली होती. पोरीसमोर कमी गुण कसे दाखवायचे?

त्या रात्री झोप आली नाही. ज्या माणसाला लहानपणापासून रोज कोणी ना कोणी तू हलका आहेस असे सांगत होते, त्या बाबासाहेबांनी आपला स्वाभिमान कसा राखला? आणि आपल्या सगळ्या समाजाचा स्वाभिमान त्यांनी कशाने मोजला? त्यांच्याकडे तर असा छापील कागद नव्हता. हा धागा धरून आम्ही त्यांचे जीवन सांगणार आहोत. तारखावार सगळे चरित्र इथे मिळणार नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार, आई भीमाबाई, आणि भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. आई लवकर गेली. हे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. आम्हाला इथे सुभेदारांविषयी चार शब्द जास्त लिहायचे आहेत, कारण त्यांच्यावर फार कमी बोलले जाते.

रामजी सुभेदार कबीरपंथी होते. घरात पहाटे भजन, अभंग, दोहे. दारू नाही. लष्करी शाळेत त्यांनी मास्तरकी केलेली, त्यामुळे शिस्त कडक. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार असताना पोराला रात्री दोनच्या सुमाराला अभ्यासाला उठवायचे म्हणून हा म्हातारा स्वतः जागायचा. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचा, गहाण ठेवायचा आणि पुस्तक घ्यायचे. पेन्शन आली की दागिना सोडवायचा. बाहेर जग पोराला काय वाटेल ते म्हणो, घरात त्याच्या पुस्तकाची किंमत सोन्यापेक्षा जास्त होती. आमच्या मते स्वाभिमानाची पहिली पेरणी इथे झाली.

कारण बाहेरची अवस्था वेगळी होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. वर्गात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून न्यायचा आणि घरी आणायचा, कारण शाळेचा गडी त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडील तेव्हा पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. न्हावी केस कापायला तयार नाही, तेव्हा थोरली बहीण घरीच ओट्यावर बसवून केस कापायची. परीट कपडे धुणार नाही. हे रोजचेच होते, आणि रोजच्या गोष्टीचा माणसाला राग येत नाही, सवय होते. ही सवयच घातक असते.

सवय मोडली ती एका प्रवासाने. १९०१ ची गोष्ट. सुभेदार तेव्हा कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले अशी पोरे निघाली. पोरांना केवढा आनंद! नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या घेतल्या. आगगाडीत बसून मसूर स्टेशनावर उतरली. तिथे न्यायला कोणीच आले नव्हते, कारण पाठवलेले पत्र गड्याने सुभेदारांना दिलेच नव्हते. स्टेशन मास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली. चांगले कपडे पाहून कोणा बड्या घरची पोरे असतील असे त्याला वाटले. पोराने खरे सांगितले, आम्ही महार. त्या एका शब्दासरशी मास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे सरकला.

पुढे बैलगाडीवाले कोणी गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेसुद्धा कसे, तर पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार, म्हणजे तो बाटणार नाही. भाडे दुप्पट आणि गाडीही आपणच हाकायची! सोबत शिदोरी होती पण पाणी कुठे मिळेना. रात्रभर उपाशी, तहानलेली ती पोरे दुसऱ्या दिवशी पोहोचली. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते. या प्रवासाने आपल्या आयुष्यात कायमची खूण उमटवली असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अस्पृश्य असल्याचे त्याआधीही त्यांना ठाऊक होते. पण नवे कपडे, नवी टोपी, खिशात पैसे, एवढे असूनही एका शब्दाने माणूस शून्य होतो, हे त्या दिवशी समजले.

मुंबईला आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कूल. तिथेही एकदा मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तर वर्गातल्या मुलांनी एकच गलका केला, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे हलवले गेले, मग भीमराव फळ्यापाशी गेले. संस्कृत शिकायचे होते ते शिकू दिले नाही, फारशी घ्यावी लागली. १९०७ ला मॅट्रिक झाले. त्या वेळी सत्काराची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बी. ए., वडिलांचा मृत्यू, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, आणि १९१३ साली अमेरिका, कोलंबिया विद्यापीठ.

वयाच्या बाविसाव्या वर्षी या माणसाला पहिल्यांदा असे ठिकाण मिळाले की जिथे टेबलावर शेजारी बसलेला माणूस जात विचारत नव्हता. पुस्तकांवर ते तुटून पडले. १९१५ ला एम. ए. झाले, १९१६ साली जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. मुलीने आम्हाला एक गोष्ट सांगितली ती इथे लिहितो. याच कोलंबिया विद्यापीठात पुढे केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे काळे पतिपत्नी मानसशास्त्रात डॉक्टर झाले. त्यांनी लहान काळ्या पोरांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, यातली चांगली कोणती? पुष्कळ पोरांनी गोरी दाखवली. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही पोरे रडली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या खटल्यात हे काम पुढे आले होते. साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या पोरापुढे कोणी बाहुल्या ठेवल्या नाहीत. पण मुद्दा तोच आहे.

लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपली म्हणून शिक्षण अर्धे टाकून १९१७ ला परत यावे लागले. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. बडोद्याला उतरले तर राहायला जागा नाही. हिंदू खानावळ घेणार नाही. एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशी लोकांना जागा. रखवालदाराला पैशांची गरज होती, त्याने पारशी नाव लिहायला सांगितले, आणि बाबासाहेबांनी ते लिहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. धर्मशाळेत माळ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत एकटेच राहायचे. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे निवारा मागितला, दोघांनीही कारणे सांगितली. कामाठी बागेत येऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले.

इथे आम्ही मुद्दाम थांबतो. अमेरिकेत शिकलेल्या, लंडनला जाऊन आलेल्या माणसाला छपरासाठी खोटे नाव घ्यावे लागले, आणि त्यांनी ते लपवले नाही. स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. आमच्या बाबतीत असेच घडले होते, पण आम्ही ते आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. आज या पानावर सांगतो.

आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो तेव्हा १९८२ चा मोठा संप होऊन काही वर्षे झाली होती. गिरण्या धापा टाकत चालू होत्या. काम मिळणे मुश्किल. जॉबरने नाव विचारले, गाव विचारले आणि मग हळूच विचारले, कोणापैकी? आम्हाला खरे सांगता आले नाही. गावातल्या दुसऱ्याच आळीचे नाव सांगून मोकळे झालो. कोणी धमकी दिली नव्हती, हातात काठीही नव्हती. जीभ आपोआप वळली. वडील जुने कामगार, त्यांच्या कानावर ते गेलेच. ते ओरडले नाहीत. जेवण झाल्यावर हात धुतले आणि आजोबांची गोष्ट सांगायला बसले.

आमचे आजोबा तीस वर्षे गिरणीत होते. सगळी तीस वर्षे रिंग खात्यात. विणाई खात्यात मजुरी जास्त, काम कसबाचे, पण त्या खात्यात आपल्या माणसाला पाऊल ठेवता येत नसे. त्याचे कारण आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटणार नाही. साच्यावर धोटा चालतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचे सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचे. हे सूत तोंडाने ओढून काढायची पद्धत होती. कामगार धोट्याला तोंड लावायचा आणि फस्‌कन सूत ओढायचा. एका पाळीत एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्या पाळीत दुसरा लावणार. म्हणजे महाराची थुंकी इतरांच्या तोंडात! म्हणून बंदी. या पद्धतीने छातीचे रोग पसरायचे, ते चालत होते. आपली थुंकी चालत नव्हती. आणि ही बंदी घालणारे मालक नव्हते बरे का, बरोबरीचे कामगार होते. एकाच भोंग्याला उठणारे आणि एकाच युनियनची पावती फाडणारे.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने सार्वत्रिक संप चालला. मागण्यांची यादी लांबलचक होती. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की विणाई खात्याची बंदी उठवण्याची मागणी या यादीत कुठे आहे? ती नसेल तर आमच्या माणसांनी तुमच्यामागे का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना ती मागणी घातली. मालकांनी मात्र हात झटकले की हा कामगारांचा आपसातला प्रश्न, आम्ही कुठे अडवतोय? बोलणे खोटे नव्हते, आणि तेच जिव्हारी लागण्यासारखे होते. कामगार तेवढा एक हे आम्हीही मानतो, लाल बावट्याच्या मोर्चात आम्हीही घोषणा दिल्या आहेत. पण धोट्याची गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याने आम्हाला कामगार एकजुटीचे पाठ देऊ नयेत.

आजोबा विणाई खाते न बघताच निवृत्त झाले. वडील मात्र १९५० नंतर त्या खात्यात शिरले आणि साचेवाले झाले. ही गोष्ट संपवून वडील झोपायला गेले. आमच्या खोट्या उत्तराबद्दल त्यांनी शेवटपर्यंत एक अक्षर काढले नाही.

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७. परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी हजारो लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्याआधी तिथे कोणी पाण्यावाचून मेले नव्हते. तहान पाण्याची नव्हतीच, बरोबरीची होती. मग देवळात घुसणार अशी आवई उठली, जमावाने हल्ला केला, जेवणाच्या मंडपात माणसे झोडपली. आपल्याकडे लष्करातून आलेले पेन्शनर होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. नंतर गावकऱ्यांनी शेण-गोमूत्राने तळे शुद्ध केले. कज्जा कोर्टात गेला आणि दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

तळ्याचे सगळे सांगतात. आम्हाला वाटते परिषदेतल्या भाषणात बाबासाहेबांनी जे सांगितले तेही तितकेच मोठे. मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, उष्टे तुकडे मागू नका, शेती करा, पोरांना शिकवा. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली, तेव्हा बायांसाठी वेगळे भाषण केले. लुगडे असे गुडघ्यापर्यंत नेसू नका की लांबून जात ओळखावी. गळ्यात आणि हातात कथलाचे, चांदीचे ओझे घालू नका. फाटके का होईना, स्वच्छ नेसा. मुलींना शाळेत घाला. नवरा, मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. परत जाताना कित्येक बायांनी नेसण्याची तऱ्हा बदलली होती.

बाबासाहेबांची मोजपट्टी ही अशी होती. मनात काय वाटते हे त्यांनी कोणाला विचारले नाही. त्यांनी बघितले की माणूस काय खातो, काय मागतो, कसा नेसतो, पोराला काय नाव ठेवतो. आपल्या जुन्या पिढ्यांत कचऱ्या, धोंड्या, दगडू अशी नावे घरोघर होती. नजर लागू नये म्हणून ठेवायचे म्हणत. पण आपल्या पोराला कचरा म्हणायची जीभ कोणी लावली?

याच मोजपट्टीत वतन येते. आज महारवतन म्हटले की पोरांना जमीनजुमला वाटतो. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली ती गुलामी होती. सरकारी आणि गावकीची हरकामी करायची, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावायचे, घरातला कर्ता आजारी असला तर दुसऱ्याने जायचे, आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदार भाकरी मागायचा हक्क. यातली खरी मेख अशी की आपल्याच माणसांना याचा मान वाटायचा! येसकराची काठी हातात आली की छाती फुगायची, पाळीवरून भाऊभाऊ भांडायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले तेव्हा विरोध वरून तर झालाच, आपल्यातूनही कुरकुर झाली की बाबा आमचा हक्क घालवतात. ते बिल मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यानंतर. बेडी लोखंडाची असली तर तोडायला सोपी, दागिना समजून घातलेली बेडी काढणे कठीण.

आता चाळीसगावची हकीकत, जी आम्हाला सर्वात जास्त विचार करायला लावते. १९२९ साली बाबासाहेब एका सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात फिरत होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनावर लोक न्यायला आले, पण टांग्याला तासभर वेळ लागला. का लागला ते त्यांना ठाऊक नव्हते. टांगा निघाला आणि थोड्याच वेळात मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर, जिला कठडे नव्हते, नुसते अंतरा-अंतरावर दगड रोवलेले, तिथे चाक दगडात अडकले. बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला. लोकांनी उचलून वाड्यात नेले, बाया-पोरे रडत होती.

मग उलगडा झाला. टांगेवाल्यांनी महाराचा टांगा हाकायला नकार दिला होता. एवढा बॅरिस्टर पाहुणा, त्याला पायी न्यायचे तर आपली आणि त्याची शोभा काय? म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक बसवला, ज्याने कधी लगाम धरला नव्हता. त्यांनी हे मानासाठी केले, पण जिवावर बेतले. बाबासाहेबांनी या गोष्टीवर दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. घोड्याची लीद काढणारा टांगेवाला बॅरिस्टराला हलका समजतो हे त्यांनी दाखवले, आणि पाहुण्याचा मान सांभाळताना त्याचा जीव धोक्यात घातला हेही दाखवले. आपल्या माणसांवर ते रागावलेले दिसत नाहीत. पण आम्ही वाचताना दरवेळी अडखळतो. मान आणि मानाचा देखावा यातली रेघ फार बारीक आहे. आज लग्नात कर्ज काढून डीजे लावणारे आणि जयंतीला गल्लीगल्लीत कमान कोणाची उंच म्हणून भांडणारे आपण, आपल्या टांग्याचा लगाम कोणाच्या हातात आहे? असो. मंडळींना राग येईल, पण लिहून टाकले.

पुढच्या घडामोडी सर्वांना माहीत आहेत, भराभर सांगतो. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह, त्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड. मग लंडनच्या गोलमेज परिषदा. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. मे १९३५ मध्ये माता रमाई गेल्या, तो घाव फार मोठा. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा की हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क कापणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने गिरण्या बंद केल्या. तारीख बघा, शाळेत नाव घातले तीच ७ नोव्हेंबर. काम नाकारता येणे हाच गुलाम आणि कामगार यातला फरक, असा त्यांचा मुद्दा होता. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ झाले. आम्ही आठ तासांची पाळी करून विहारात पुस्तक उघडून बसत होतो, ते या कायद्यामुळे. त्याच साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. मग राज्यघटना. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा शब्द आला. मसूरच्या स्टेशनावर ज्या पोराची प्रतिष्ठा एका शब्दात गेली, त्याच्या हाताखालून हा शब्द देशाच्या घटनेत गेला. १९५१ ला हिंदू कोड बिलापायी मंत्रिपद सोडले. १९५२ च्या निवडणुकीत पडले. त्याच वर्षी कोलंबियाने बोलावून सन्मानाची पदवी दिली.

आणि १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. लाखोंच्या समुदायाने पांढरी वस्त्रे नेसून दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. इथे एका शंकेचा खुलासा करतो. एका वर्षावासात भन्तेजींनी सांगितले होते की धम्मात मान हा मनाचा मळ आहे. तेव्हा आम्ही बुचकळ्यात पडलो. आम्ही आयुष्यभर स्वाभिमान स्वाभिमान करतोय आणि इथे मान हा मळ? त्यांनी समजावले की मी श्रेष्ठ समजणे हा मान, तसेच मी हीन समजणे हाही मानच. दोन्ही आपल्याला दुसऱ्याच्या तराजूत घालतात. आम्हाला एकदम उजेड पडला. बाबासाहेब आपल्याला वरच्या पायरीवर चढवायला निघाले नव्हते. दुसऱ्याच्या तराजूतूनच आपल्याला खाली उतरवायला निघाले होते. म्हणून नागपूरला त्यांनी देव दिला नाही, जात दिली नाही, दिली ती वागण्याची जबाबदारी. कोणी म्हणेल की नाव बदलून काय झाले? आमचे उत्तर एवढेच की आमच्या आजोबांनी आपल्या नातवाचे नाव कचरू ठेवले नाही.

दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी झोपेतच परिनिर्वाण झाले. बातमी मुंबईत आली तेव्हा आमचे वडील सव्वीस वर्षांचे, पहिल्या पाळीला साच्यावर उभे होते. त्यांनी सांगितलेले लिहितो. खात्यात कोणीतरी येऊन सांगितले. आपल्या माणसांनी एकेक करून साचे बंद केले. आवाज कमी होत गेला. वडील म्हणायचे की त्या खात्यात बोललेले ऐकू यायचे नाही, त्या दिवशी शेजारचा रडतोय हे ऐकू आले. तिथून सगळे राजगृहाकडे चालत निघाले. रात्री पार्थिव विमानाने मुंबईला आले. ७ तारखेला दादर चौपाटीपर्यंतची अंत्ययात्रा वडील अनवाणी चालले, चप्पल गर्दीत कुठे गेली ते कळलेच नाही.

चौपाटीवर चितेच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. नागपूरला जायला वडिलांकडे भाडे नव्हते. त्यांनी दीक्षा त्या वाळूत घेतली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा जॉबरने विचारले, कुठे होतास? वडिलांनी सांगितले. पगाराच्या दिवशी दोन खाडे कापून गेले होते. वडिलांनी ते पाकीट न मोजता आजीच्या हातात दिले.